एकपदरी वाघ

वाघ हिरवा झालाय हे घरातल्या सगळ्यांना कळून दहा दिवस लोटल्यावर मला कळलं. माझ्या बाबतीत हे नवीन नाही. आंबा पिकलाय हे मला वासावरून कळतं, सिग्नल सुटला हे मागच्याच्या हॉर्नवरून कळतं, आणि मी कुठल्या पँटवर कुठला शर्ट घातलाय हे लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर लोकांच्या तोंडांवरून कळतं. याला रंगांधळेपणा म्हणतात. शब्द जरा अति आहे. निळा आणि पिवळा मला तुमच्याइतकेच ठसठशीत दिसतात. लाल, हिरवा, तपकिरी, नारिंगी ही मंडळी मात्र माझ्याकडे येताना एकाच गणवेशात येतात.

त्यात आपल्या भाषेतली रंगांची नावं. पोपटी, मेंदी, शेवाळी, विटकरी, डाळिंबी, आमसुली, अंजिरी. दुकानदार साडी उलगडता उलगडता ही नावं घेतो तेव्हा बायकांच्या डोळ्यांपुढे रंग उभे राहतात. माझ्यापुढे मंडई उभी राहते.

हा वारसा आईकडून येतो. आईला स्वतःला सगळे रंग व्यवस्थित दिसायचे. तिने तो तिच्या वडिलांकडून घेतला आणि पाकीट न फोडता माझ्याकडे पोचवला. हे आजोबा लाल मिरची आणि हिरवी मिरची चाखून ओळखायचे, असं घरात सांगतात. आईला भरतकामाचं वेड. ट्रेसिंग पेपरवरच्या चित्राला टाचणीने बारीक भोकं पाडायची, तो कापडावर ठेवायचा, आणि रॉकेलमध्ये नीळ कालवून कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. घरभर वास सुटायचा आणि दोसुतीवर निळ्या ठिपक्यांचे दोन पोपट उमटायचे. समोरासमोर बसलेले, मध्ये ‘सुस्वागतम’. ते दोघं आमच्या दारावर तीस वर्षं बसून होते. पोपटाची चोच लाल असते ही माहिती मला शाळेत मिळाली. तोवर मी समजत होतो की पोपटाचं तोंड पुढे थोडं वाकलंय, इतकंच.

शाळेत झाड काढायला सांगितलं होतं. मास्तर वहीत डोकावून म्हणाले, “काय रे, दुष्काळ पडलाय का?” मी म्हटलं, “नाही सर, चांगलं हिरवंगार आहे.” उलट बोलल्याबद्दल दोन छड्या मिळाल्या. पानं मी तपकिरी रंगवली होती, हा उलगडा व्हायला पुढे बारा वर्षं आणि एक नोकरी जावी लागली.

नोकरी चांगली होती, लेखी परीक्षा झाली होती, फक्त डॉक्टरी तपासणी राहिली होती. तिथे डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढे केलं. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 साली काढलेलं हे पुस्तक, आणि माणूस मोठा विनोदी असावा. पहिल्या पानावरचा 12 हा आकडा कुणालाही दिसतो. मी खणखणीत आवाजात “बारा!” म्हटलं. आशा लागली. दुसरं पान उघडून डॉक्टर म्हणाले, “आता सांगा.” मी म्हटलं, “काय सांगू?” तिथून मी सरळ बँकेत गेलो. तिथले आकडे काळे होते आणि पांढऱ्यावर होते.

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की अशा माणसाने भरतकाम करू नये, हे मलाही कळत होतं.

पण गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दोन महिने घरात बसायचं होतं, आणि आमच्या हॉलमध्ये दर मंगळवारी दुपारी हिचा भरतकामाचा क्लास भरतो. सात-आठ बायका, एक शिकवणाऱ्या बाई, आणि मध्ये टीपॉयवर रिंगा, कात्र्या, चकल्या. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत पाय स्टुलावर टाकून, फर्निचरसारखा. त्या वर्षी बाईंनी जाहीर केलं होतं की गुलाब, वेली आणि कोयऱ्या आता पुरे, यंदा सगळ्यांनी प्राणी भरायचे. “फूल कसंही झालं तरी फूलच दिसतं,” त्या म्हणाल्या, “जनावर चुकलं की लगेच कळतं.”

ते खरंच होतं. एकीने बिबट्या घेतला होता. बिबट्याच्या अंगावर असतात ते नुसते ठिपके नव्हेत. काळ्या तुटक पाकळ्यांचं कडं असतं आणि आतली जागा रिकामी, जरा गडद. त्या बाईंना गाठीचा टाका नुकताच जमायला लागला होता आणि नवशिक्याला जमलेला टाका आवरत नाही. त्यांनी प्रत्येक कड्याच्या मधोमध एकेक गाठ ठेवून दिली. आता कड्यात ठिपका असणारं जनावर म्हणजे जॅग्वार, आणि तो राहतो अमेरिकेत. एकेका गाठीसरशी जुन्नरच्या उसातला बिबट्या उठून ब्राझीलला चालला होता. वर त्या विचारत होत्या की शेपटीला टोकाशी पट्टे दिले तर चालतील का. चालतात. जेम्स मरे नावाच्या गणितज्ञाने 1988 साली मांडलेलं आहे की ठिपकेवाल्या जनावराला पट्ट्यांची शेपूट असू शकते, पण पट्टेवाल्याला ठिपक्यांची शेपूट मिळत नाही; गर्भात रंगाची रसायनं पसरताना शेपटीसारख्या निमुळत्या नळीत ठिपक्यांना जागाच पुरत नाही. मी हे वाचून सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, “बघा, गणितात बसतंय म्हणजे भरा.”

हिने शेकरू घेतलं होतं. राज्यप्राणी, भीमाशंकरचा, पाठ तांबूस-तपकिरी, पोट मलईसारखं आणि अंगापेक्षा मोठा शेपटाचा झुपका. पाठीसाठी हिने तीन लड्या आणल्या होत्या: एक विटकरी, एक तपकिरी, एक मातकट. महिनाभर खपून पाठ भरली आणि सगळ्यांसमोर धरली. बायका “अय्या!” म्हणाल्या. मला जे दिसलं ते मी प्रामाणिकपणे सांगितलं: “छान आहे, पण हे गाडीखाली आलंय का?”

लग्नाला पस्तीस वर्षं झाल्यावर माणसाला शांततेचे प्रकार ओळखता येतात. ही त्यातली फार वरच्या दर्जाची होती.

ती मोडली बाईंनी. त्यांनी शेकरूचा मोबाइलवर फोटो काढला, कुठेतरी बोट दाबून तो काळा-पांढरा केला आणि सगळ्यांना फिरवला. शेकरू गायब. कापडावर राखाडी रंगाचा एक सपाट डाग, त्याला कान. तिन्ही लड्यांचे रंग वेगळे होते, पण उजेड-अंधाराच्या हिशेबात तिन्ही एकाच वजनाच्या. पाठ फुगायला हवी तर वरून उजेड पडलेला भाग फिकट, कुशीकडे जाता जाता गडद असं व्हायला हवं. इथे सगळं एका पातळीत. “याला टोन म्हणतात,” बाई म्हणाल्या. “आपण रंगाला भुलतो. काकांना रंग दिसत नाही, म्हणून त्यांना टोन दिसला.”

रंग आणि टोन यातला फरक मी त्या दिवसापासून येईल त्याला समजावून सांगायला लागलो. लाल मिरची आणि हिरवी मिरची ही रंगाची गोष्ट. उन्हातली मिरची आणि फडताळातली मिरची ही टोनची गोष्ट. ऐकणारे मान डोलवायचे आणि घरी जायचे.

पण क्लासमध्ये माझी पत वाढली ती वाढलीच. ‘टोनवाले काका’ म्हणून प्रत्येकीचं काम आधी माझ्यापुढे यायचं. मी चष्मा कपाळावर सरकवून, डोळे किलकिले करून बघायचो. डोळे किलकिले केले की बारकावे विरघळतात आणि उजेड-अंधार तेवढे उरतात. चित्रकार मंडळी हेच करतात. मी ते जरा जास्त वेळ करायचो, कारण तेवढ्यात चहा यायचा. “मानेखाली अजून दोन पायऱ्या खाली जा,” असं काहीतरी म्हणायचो. बायका खरंच जायच्या, आणि बदकाला खरंच मान यायची.

माणसाला मान मिळाला की तो वाचायला लागतो. मी वाचलं की अणूचा सिद्धांत मांडणारा जॉन डाल्टन माझ्याच जातीचा होता. 1794 साली त्याने स्वतःच्या या दोषावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातलं पाणीच निळसर असणार असा त्याचा अंदाज होता, आणि मेल्यावर डोळे उघडून बघा असं त्याने सांगून ठेवलं होतं. 1844 साली बघितलं. पाणी स्वच्छ निघालं. डोळा मात्र कुणीतरी जपून ठेवला, आणि 1995 साली त्यावरून नेमका दोष सांगता आला. म्हणजे तपासणीचा निकाल लागायला दीडशे वर्षं. आमच्या बँकेतल्या काही फायली बऱ्या. 1992 सालचा एक शोधनिबंधही माझ्या हाती लागला. सरमिसळ रंगांत दडवलेला आकार चांगल्या डोळ्यांच्या माणसांना सापडत नाही तेव्हा आमच्यासारख्यांना सापडतो, असं त्यात निघालं होतं. तो मी हिला दोनदा वाचून दाखवला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, “मग परवा फ्रीजमधली कोथिंबीर का नाही सापडली?”

अशा वातावरणात मी वाघ भरायला घेतला.

बाईंचं मत होतं ससा घ्यावा. नवशिक्याने ससा घ्यावा हे बरोबर, पण ज्याच्या शब्दावर बदकाला मान येते त्याने ससा कसा घ्यायचा? शिवाय माझा हिशेब होता. वाघाचे पट्टे काळे असतात आणि मिशा पांढऱ्या, एवढं मला पक्कं माहीत होतं. मधल्या जागेपुरताच प्रश्न होता आणि लडीवर नंबर असतात. लडीला जी कागदी पट्टी असते तिच्यावर शेडचा नंबर छापलेला असतो. बाईंनी सात लड्या निवडून दिल्या, फिकट ते गडद, आणि कागदावर नंबरांचा क्रम लिहून दिला. मी जन्मभर नंबरांवर जगलो. मला आनंद झाला.

एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि दोऱ्याला सहा पदर. बायका टेबलक्लॉथ भरताना दोन-तीन पदर घेतात. बाई म्हणाल्या, “जनावराचा केस हवा तर एकच पदर.” एक पदर म्हणजे काय ते सांगतो. तो खाली पडला तर सापडत नाही. नाकाशी धरून श्वास सोडला तर जातो. पहिल्या दिवशी तो सुईत ओवायला मला वीस मिनिटं लागली, आणि ओवला तेव्हा कळलं की सुईतून नाही, सुईच्या शेजारून गेलाय. दोरा हातभरच घ्यायचा. जास्त घेतला की कापडातून जाऊन जाऊन विरतो आणि गुंता होतो तो वेगळा. म्हणजे हातभर दोरा संपला की पुन्हा वीस मिनिटं. वाघाचं नाक भरायला आठ दिवस लागले, त्यातला भरण्याचा वेळ अडीच तास.

टाका लांब-आखूड. पहिल्या ओळीत एक लांब, एक आखूड, एक लांब, एक आखूड, दंतुर कड सोडत जायची. दुसऱ्या ओळीचा टाका त्या दातांच्या मधून वर काढायचा, आधीच्या दोऱ्याच्या पोटातच सुई घुसवून. मग एका छटेतून दुसरी कधी सुरू झाली ते कळत नाही. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात माझ्या पहिल्या ओळी संचलनाला उभ्या राहिल्यासारख्या झाल्या, आणि वाघाच्या कपाळावर चटई अंथरल्यासारखं दिसायला लागलं.

“काका, लव कुठल्या दिशेने जाते ते बघा,” बाई म्हणाल्या. “मांजराला गोंजारता ना, हात जिकडे जातो तिकडे टाका जायला हवा.” मी मांजराला कधी गोंजारलं नव्हतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक बोका स्कूटरच्या सीटवर झोपलेला असतो. काठी टेकत खाली गेलो आणि अभ्यास केला. नाकापासून कपाळावर सरळ वर. डोळ्यांच्या वरून कानांकडे पंख्यासारखी. गालांवर बाहेर आणि खाली. हनुवटीखाली सरळ गळ्याकडे. आणि जवळून पाहिलं तर एकेका केसावर फिकट-गडद-फिकट असे पट्टे. म्हणजे ज्याला आपण बोक्याचा रंग म्हणतो तो एकाही केसाचा रंग नसतो. मी हे चष्मा काढून, अगदी नाक लावून पाहत असताना बोका जागा झाला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी आयोडिन दिलं आणि काही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र काम सुधारलं. वाघ जसजसा भरत गेलो तसतशी त्याची गंमत कळत गेली. काळा पट्टा म्हणजे काळी रेघ नव्हे. त्याच्या कडेला काळे केस फिकट केसांत मिसळलेले असतात. कड धारदार भरली की वाघाला कैद्याचे कपडे घातल्यासारखं दिसतं. पांढरं कुठेच पांढरं नसतं. गालाच्या पांढऱ्या केसांत राखाडी भरावी लागते आणि शुद्ध पांढऱ्याचे टाके मोजून दहा-बारा, उजेड पडतो तेवढ्या जागी. कपाळावरच्या खुणा डावी-उजवीकडे सारख्या नसतात. मी आधी उजवी बाजू मोजून डावीकडे उतरवली होती, लेजर टॅली केल्यासारखी; फोटो बघून उसवावी लागली. वाघाच्या दोन कुशींवरचे पट्टेही वेगळे, आणि कुठल्याही दोन वाघांचे सारखे नाहीत. म्हणून तर जंगलात कॅमेरे लावून वाघ मोजता येतात. अंगावरची लव काढली तरी पट्टे जात नाहीत म्हणे, ते कातडीवरही असतात. हे कुणी आणि कसं पाहिलं हा प्रश्न मी बाजूला ठेवला.

डोळ्यात चमक यायला पांढरा एक टाका लागतो. एकच. तो टाकेपर्यंत डोळा म्हणजे बटण असतं, आणि टाकला की जनावर तुमच्याकडे बघतं. मी दोन्ही डोळ्यांत तो बाहेरच्या कडेला टाकला. वाघ माझ्या मोठ्या मेहुण्यांसारखा दिसायला लागला. हिने पाहिलं, ओळखलं, आणि “आजच्या आज काढा” म्हणाली.

असे प्रकार भरतकामात होतातच, आणि सगळेच चुकून होत नाहीत. स्कॉटलंडची राणी मेरी इंग्लंडच्या कैदेत एकोणीस वर्षं होती आणि तिथे बसून ती प्राणी भरायची. तिने भरलेलं एक तांबूस मांजर अजून जपून ठेवलं आहे. मांजराच्या डोक्यावर लहानसा मुकुट आहे आणि समोर उंदीर. तिला कैदेत टाकणाऱ्या एलिझाबेथ राणीचे केस तांबूस होते. मेरीने तोंडाने काही म्हटल्याचा पुरावा नाही. मला मेहुण्यांबद्दल काही म्हणायचं नव्हतं, हे मात्र मी शपथेवर सांगतो.

आता हिरव्या रंगाकडे येतो.

कपाळ आणि डोळे झाले होते, गाल आणि गळा राहिले होते, अशा टप्प्यावर आमच्या नातीने सातही लड्यांच्या कागदी पट्ट्या काढून बाहुल्यांना कंबरपट्टे केले. बाहुल्या सात होत्या, त्यामुळे काम नीटनेटकं झालं. लड्या तिने उचलून आजीच्या डब्यात टाकल्या, जिथे शेकरूच्या झाडाच्या लड्या होत्या. मी घाबरलो नाही. डबा खिडकीशी नेला, लड्या पालथ्या केल्या, डोळे किलकिले केले आणि फिकटापासून गडदापर्यंत रांग लावली. मग हिच्या मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढून ताडून पाहिली. रांग बिनचूक होती. जिन्याच्या पायऱ्या उतराव्यात तशी. सात हव्या होत्या तर सात मोजून घेतल्या. बाई मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर विचारावंसं वाटलंही नाही.

दीड महिना मी गाल आणि गळा भरत होतो. शेवटच्या दहा दिवसांत वाघ सगळ्यांच्या नजरेत भरण्याइतका पुढे आला. हिला वाटलं, झाडीची सावली पडलीय असं काहीतरी मी मुद्दाम दाखवतोय, आणि शेकरूच्या प्रसंगानंतर तिने कलेबद्दल माझ्याशी न बोलण्याचं ठरवलं होतं. सुनेला वाटलं, सासूबाईंनी सांगितलं असेल. मुलाने पाहिलंच नाही. क्लासमधल्या बायकांना वाटलं, टोनवाले काका आहेत, असेल काहीतरी. नातीला वाटत होतं की गुन्हा उघडकीला आलाय आणि सगळे मोठे मिळून तिची परीक्षा बघतायत. ती शहाण्यासारखी गप्प राहिली.

बाई परतल्या. मी वाघ पुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, खिडकीशी नेला, जवळून पाहिला, लांबून पाहिला. “काका, टोन अगदी अचूक आहे,” त्या म्हणाल्या. “गाल कसा गोल आलाय. गळ्याखालची सावली तर मलासुद्धा अशी जमली नसती.” मी हातानेच ‘कुठलं काय’ केलं. मग त्या जरा थांबल्या. “पण काका, हा वाघ हिरवा आहे.”

“कुठे?”

“कपाळ चांगलं नारिंगी आहे. डोळ्यांखालून पोपटी होत होत गळ्याशी पार शेवाळी.”

“पाडाला लागलेल्या आंब्यासारखा,” बिबट्यावाल्या बाई म्हणाल्या. त्यांचा जॅग्वारचा राग होताच.

मी वाघ घेतला आणि पाहिला. मला त्यात एक वाघ दिसला. अजूनही तोच दिसतो.

त्या आठवड्यात भाचा येऊन गेला. तो दर उन्हाळ्यात ताडोबाला जातो आणि हातभर लांब लेन्स घेऊन फिरतो. त्याला हसायला म्हणून वाघ दाखवला, तर तो हसला नाही. म्हणाला, “मामा, हरणांना वाघ असाच दिसतो.” मला वाटलं, समजूत घालतोय. पण गोष्ट खरी आहे. हरणांच्या डोळ्यात लाल-हिरवा वेगळे करणारी सोयच नसते, माझ्यासारखी. 2019 साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासून दाखवलं की आपल्याला भडक नारिंगी दिसणारा वाघ तशा डोळ्यांना झाडीच्याच रंगाचा दिसतो. वाघाने सरळ हिरवंच का होऊ नये? तर सस्तन प्राण्याच्या केसाला हिरवा रंग करताच येत नाही. त्याच्याकडे दोनच शाया असतात: एक काळी-तपकिरी, एक तांबूस-पिवळी. त्यातून जे निघतं त्यावर भागवायचं. समोरच्याला हिरवं-नारिंगी कळत नसेल तर तेवढ्यावर छान भागतं. म्हणजे वाघ पोटभर जेवतो तो माझ्यासारख्यांच्या जिवावर.

“मी आयुष्यभर...” मी म्हटलं.

“चितळ,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाईंनी माझी बाजू घेतली, असं मी समजतो. फ्रान्समध्ये बायो नावाच्या गावात अकराव्या शतकातलं एक भरतकाम आहे, जवळजवळ सत्तर मीटर लांब, लढाईचं. त्याचा फोटो त्यांनी मला दाखवला. भरणाऱ्यांकडे वनस्पतींपासून रंगवलेल्या लोकरीचे आठ-दहाच रंग होते, आणि त्यांनी काय करावं? निळे घोडे भरले. हिरवे घोडे भरले. एकाच घोड्याचे अलीकडचे पाय एका रंगाचे आणि पलीकडचे दुसऱ्या, म्हणजे कुठला पाय मागे आहे ते कळावं. दोनशेच्या आसपास घोडे आहेत त्यात, आणि साडेनऊशे वर्षं झाली तरी त्या घोड्यांचा इलाज करावा असं कुणाला वाटलेलं नाही. अर्थात, बाईंनी सांगितलं, त्या घोड्यांचं कपाळ आणि गाल एकाच रंगाचे आहेत.

उसवायचं का, हा प्रश्न आला. एकपदरी लांब-आखूड टाका उसवणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्याला विचारा. टाक्यात टाका घुसलेला असतो. एक ओढला की शेजारचे चार येतात आणि खालचं कापड चाळणीसारखं होतं. ही म्हणाली, “राहू दे. फ्रेम करून टाका.” फ्रेमवाल्याने वाघ उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, “वरची बाजू कुठली, हिरवी का लाल?” वाघाला कान होते. पण फ्रेमवाल्याशी मी वाद घातला नाही.

आता तो हॉलमध्ये आहे, चपलांच्या कपाटाच्या वर. नातीने त्याचा खेळ केलाय. पाहुणा आला की ती त्याला वाघापुढे उभा करते आणि विचारते, “वाघाचा रंग कुठला?” पाहुणा माझ्याकडे बघतो, मी छताकडे बघतो, आणि मग तो संकोचत म्हणतो, “हिरवट...?” ती टाळ्या वाजवते. कुरिअरवाला, गॅसवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे पास झाले. मेहुणेही पास झाले. त्यांनी वर डोळे छान जमलेत असंही सांगितलं.

दिवाळीला नाशिकहून लेक आली. तिचा मुलगा साडेचार वर्षांचा. नातीने त्याचा हात धरून त्याला कपाटापुढे नेलं.

“सांग, वाघाचा रंग कुठला?”

त्याने मान वर करून नीट पाहिलं. “वाघाच्या रंगाचा.”

“अरे, तसं नाही. गालाला बघ. गाल कसले आहेत?”

“गालाच्या रंगाचे.”

“हिरवे आहेत ना पण!”

त्याने पुन्हा पाहिलं. मग तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला ती नजर कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली. बहुतेक एका डॉक्टरांच्या टेबलाच्या अलीकडून मीच ती टाकली होती. लेक चिवडा भरत होती. तिचा हात डब्यात राहिला. तिने माझ्याकडे पाहिलं, मी हिच्याकडे, आणि हिने तिकडे दारावर, जिथे आईचे पोपट असायचे.

लेकीने काही न बोलता पिशवीतून खडूंची पेटी काढली आणि त्याच्यापुढे कागद ठेवला. “झाड काढ बघू, आबांना दाखवायला.” तो पोटावर पालथा पडला. खोड काढलं, फांद्या काढल्या, वर निळं आभाळ काढलं, पिवळा सूर्य काढला. मग पेटीवरून बोट फिरवत एक खडू उचलला आणि पानं भरायला लागला, जीभ बाहेर काढून, एकही जागा न सोडता.

मी चष्मा कपाळावर सरकवून वाकून पाहिलं. पानं चांगली हिरवीगार होती. बाकी कुणीच काही बोललं नाही.